अक्कानं पाठवलेली बाटली

आमच्या सासरी एक रीत आहे. बाळाला पहिल्यांदा अंगावर घ्यायच्या आधी नणंदेनं बाळंतिणीची छाती पाण्यानं धुवायची, आणि त्याबद्दल नणंदेला साडी द्यायची. सगळ्या खानदेशात काही ही रीत नाही. माझ्या माहेरी, धुळ्याला, हे ऐकून बायका तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. सासरचे लोक सांगतात, आपण मूळचे गुजरातकडचे, येताना रीतीभाती बरोबर आणल्या. आणल्या तर आणल्या. येता येता त्यातल्या चार तापीत सोडून दिल्या असत्या तर काय बिघडलं असतं, असं मी एकदा बोलून गेले आणि त्यानंतर आठवडाभर घरात माझ्याशी कोणी सरळ बोललं नाही.

मी मुळात तोंडाळ. झेडपीच्या शाळेत शिकवते, त्यामुळे आवाजही चढाच. पण लग्नानंतर एक गोष्ट शिकले. नवऱ्याशी भांडता येतं, वेळ पडली तर सासूशीही भांडता येतं, मोठ्या नणंदेशी मात्र नाही. आमची नणंद, म्हणजे अक्का, माझ्या नवऱ्यापेक्षा बरीच मोठी. तिनंच त्याला कडेवर घेऊन फिरवलेलं. दिली जळगावात. तिला मुलगेच, दोघंही दाढीमिशांचे झालेले, आणि तिच्या सासरच्या सगळ्या गोतावळ्यात मुलगी म्हणून नाही. मला दिवस गेल्यापासून तिचा फोन ठरलेला. "मुलगीच होणार बघ. आणि धुणार मी. साडी साधीसुधी घेणार नाही, आत्ताच सांगून ठेवते."

पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी आले आणि माझ्यामागून कोरोनाची दुसरी लाट आली. सासर वरणगावच्या अलीकडे, केळीच्या मळ्यात. नवरा तिकडे कापणीत अडकला. माणसांना पास मिळेना, केळीच्या गाड्यांना मात्र कोणी अडवत नव्हतं. नवरा फोनवर म्हणाला, "घडात लपून येतो." मी म्हटलं, "या, तुमचं वजन करून भाव लावू." अशा गप्पा मारत दिवस भरले.

मुलगी झाली. भर वैशाखातली दुपार, पंखा नुसता गरम हवा ढवळत होता. सिस्टरनं पोरीला पुसून सरळ माझ्या छातीवर ठेवलं आणि म्हणाली, "घ्या. लाजायचं नाही, आत्ताच पाजायचं." पोरीनं इकडेतिकडे डोकं घासलं, तोंड लावलं आणि शिकवून पाठवल्यासारखी चटाचटा ओढू लागली. मी आयुष्यात पुष्कळ वेळा रडलेय, पण इतक्या आनंदानं नाही. रीतबीत काही माझ्या डोक्यातही आली नाही.

तासाभरात माझा रिपोर्ट आला. पॉझिटिव्ह. ताप नाही, खोकला नाही, नुसता घसा खवखवत होता. पोरीचा रिपोर्ट चांगला होता. मला पोरीसकट वेगळ्या वॉर्डात नेलं. तिथली सिस्टर पायापासून डोक्यापर्यंत पांढऱ्या किटमध्ये, वर काचेसारखी शिल्ड. तिचे मला फक्त डोळे दिसायचे आणि आवाज ऐकू यायचा. ती म्हणाली, "बाळ तुमच्याजवळच राहील. तोंडाला मास्क, हात साबणानं धुवायचे आणि पाजायचं. दुधातून काही जात नाही. छातीला मात्र काही लावायचं नाही, ऐकलं का?" मी शाळेतल्या पोरांसारखी मान हलवली. शाळेतली पोरंही अशीच मान हलवतात आणि मग हवं तेच करतात.

सासूबाईंना फोन लावला. त्यांनी आधी आनंद केला, मग रिपोर्ट ऐकून म्हणाल्या, "रीत झाल्याबिगर पाजू नको व पोरीले." मी म्हटलं, "बरं." पोर तेव्हा पोटभर पिऊन माझ्या कुशीत घोरत होती. आता त्यांनी विचारलंच नाही, तर मी आपण होऊन कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काची पिशवी आली. जळगावहून सुटणाऱ्या केळीच्या गाडीवाल्याला तिनं गाठलं होतं आणि माझे वडील फाट्यावर उभे राहून ती घेऊन आले होते. पिशवीत डिंकाचे लाडू, एक टोपडं, कापराची पोटली, आणि कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत गडद हिरवं पाणी, झाकणाला चिकटपट्टी लावलेली. लगेच अक्काचा व्हिडिओ कॉल आलाच. कोरोनाच्या दिवसांत अक्का अर्धी वैद्य झाली होती. काढे, वाफारे, धुरी, सगळं तिच्याकडे, आणि मोबाईलवर येईल ते सगळं खरं.

"मला येता येत नाही," ती म्हणाली. तिचे डोळे भरलेले होते. "म्हणून तुझा हात तोच माझा हात समज. हे निंबाचं पाणी आहे. पाला आटवून आटवून केलंय, रात्रभर चुलीजवळ बसले. कोरोनाचा बाप आला तरी टिकणार नाही. दरवेळी पाजायच्या आधी लाव, आणि पुसू नको. तसंच वाळू दे."

सिस्टरचं बोलणं मला आठवत होतं. पण सिस्टर पावडर-क्रीमचं म्हणत असेल, हा तर झाडपाला, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं सांगायचं तर मीही घाबरले होते. बाहेर दिवसभर रुग्णवाहिका ओरडत होत्या आणि माझ्या पोरीच्या तोंडाशी माझं पॉझिटिव्ह अंग. पाडव्याला आपण निंब खातोच की, म्हटलं. पडदा ओढला, अक्का फोनमध्ये हात जोडून काहीतरी पुटपुटली, आणि मी तिच्या वतीनं स्वतःला धुतलं. अक्का म्हणाली, "झाली रीत. साडी तयार ठेव."

त्यानंतर पोरीनं अंगावर घेणं सोडलं.

भुकेनं रडायची. मी जवळ घेतलं की आवंढा गिळत यायची, तोंड लावायची आणि लगेच अंग ताणून मान फिरवायची. चेहरा लालबुंद. पुन्हा जवळ घ्यावं, पुन्हा तेच. दुसऱ्या बाजूनं घेतलं, तरी तेच. मी म्हणे, अगं माझे आई, घे ना. माझा आवाज चढला की ती आणखी रडे, आणि ती रडली की मी.

सिस्टरनं सगळे उपाय केले. बसून, आडवं होऊन, काखेखालून धरून. तिनं माझ्या पाठीमागे उशा रचल्या, पोरीच्या तळव्यांना गुदगुल्या केल्या. "मास्कला घाबरत असेल," ती म्हणाली, "आईचं तोंडच दिसत नाही तिला." मग मी मास्कवरून डोळे मोठे करून हसायला लागले. त्यानं काय होणार? शेवटी तिनं मला हातानं दूध काढायला शिकवलं. वाटी आधी गरम पाण्यातून काढायची, दोन बोटं मागं दाबायची, मग पुढं. वाटीत तळाला पिवळसर दूध जमलं. ते बोंडल्यानं पाजलं तर नाक मुरडत का होईना, पोर प्यायली. पण ते तिच्या भुकेला पुरेना. दर वेळी मी आधी अक्काचं पाणी लावायची, वाळू द्यायची आणि मग घ्यायची. बाटली उशीखाली. सिस्टर आली की पदराखाली. रीत म्हणजे रीत, आणि कोरोना म्हणजे कोरोना. दोन्हीकडून शिस्तीत चाललेलं.

डॉक्टर राउंडला आल्या. पोरीला वजनकाट्यावर ठेवलं, त्यांनी भुवया आवळल्या. "वजन उतरतंय," त्या शांतपणे म्हणाल्या. "उद्यापर्यंत अंगावर प्यायला लागली तर ठीक. नाही तर बाळाला नवजात कक्षात हलवावं लागेल. तिथं वरचं दूध देतील." तिथं मला जायला मिळेल का, मी विचारलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही निगेटिव्ह होईपर्यंत नाही."

त्या काही वाईट बोलल्या नाहीत, हे आज कळतं. तेव्हा मात्र मला त्यांचा, सिस्टरचा, पंख्याचा, सगळ्यांचा राग आला. पोरगी माझ्यापासून नेणार, बाटलीची सवय लागणार, आणि मग ती माझ्याकडे कशाला वळून बघेल? मायला फोन केला. माय दवाखान्याच्या फाटकाबाहेर निंबाच्याच झाडाखाली बसून असायची, आत सोडत नव्हते. ती अहिराणीत म्हणाली, "रडू नको, मनी बाय. दूध येस ना तुले? मंग बठ्ठं बरं व्हई." दूध येतंय तर सगळं बरं होईल, एवढंच तिचं म्हणणं. मग सासूबाईंना केला. त्या म्हणाल्या, "पोरीले समजते बापा. आईच्या आंगात रोग हाये, हे तिले समजते. म्हून नाही घेत. तू देऊन टाक तिले वरचं दूध." मी फोन कापला. सासूचा फोन मी त्याआधी कधी कापला नव्हता.

शेजारच्या खाटेवर एक भाभी होत्या. त्यांचा नवरा बांगड्यांचा हातगाडीवाला, ही तिसरी खेप, मुलगा झालेला. त्यांचं पोरगं दांडगं, प्यायला बसलं की वॉर्डभर मचमच ऐकू येई. त्या आवाजाचा मला इतका हेवा वाटायचा की मी तिकडे पाठ करून झोपायची. त्या दिवशी दुपारी पोर रडून रडून दमली आणि नुसती कण्हायला लागली. भाभी उठून माझ्या खाटेशी आल्या. "बुरा मत मानना," त्या म्हणाल्या. "एक बार मेरे पास दे के देखूँ? मुझे भी वही बीमारी है, तुम्हें भी वही है. अब और क्या लगेगा?"

मी सिस्टरकडे बघितलं. सिस्टरनं आमच्याकडे बघितलं, मग खिडकीतून बाहेर बघायला लागली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, नुसती भिंत होती.

भाभींनी पोरीला घेतलं आणि पोर प्यायला लागली. मान फिरवली नाही, अंग ताणलं नाही. डोळे मिटून, मुठी वळून, गटागटा. तिच्या गळ्यातून घोट उतरताना दिसत होते. माझ्या पोरीचं पोट भरत होतं याचं मला इतकं बरं वाटलं की हात जोडले गेले. आणि त्याच क्षणी मी भिंतीकडे तोंड केलं. तिला पिता येतं. तिला फक्त मीच नको आहे.

भाभींना ते कळलं असणार. पोरीला थोपटत त्या म्हणाल्या, "अब ये मेरे बेटे की बहन हो गई. दूध की बहन. कल को दोनों की शादी की बात मत लाना मेरे पास, पहले से बोल देती हूँ." रडता रडता मला हसू फुटलं.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन. मी कापलेला फोन त्यांनी परत लावला, हे त्यांचं मोठेपण. मी एका दमात सगळं ओकून टाकलं. वजन, उद्याची मुदत, शेजारच्या भाभी, त्यांचं नाव-गाव, सगळं. म्हटलं, आता काय बोलायचं ते बोला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "पेली ना पोरगी? पोट भरलं ना? मंग झालं. त्या बाईले माह्या राम राम सांग."

आणि मग, थोड्या वेगळ्या आवाजात, "पन त्या बाईच्या आंगावर घेते अन् तुह्या नाही घेत, हे कसं काय? रोग तं दोघींले हाये. तू काय लावते व आंगाले?"

मी म्हटलं, "काही नाही. अक्कांचं पाणी तेवढं."

"कायचं पानी?"

"निंबाचं. आटवलेलं."

पलीकडून आवाजच येईना. मला वाटलं, रेंज गेली. मग एक बारीक किणकिण ऐकू आली, आणि ती वाढत वाढत गेली. सासूबाई हसत होत्या. माझ्या लग्नापासून त्या इतक्या हसलेल्या मी ऐकल्या नव्हत्या.

"अव माय," त्या दम खात म्हणाल्या, "तुह्या नवऱ्याचं दूध कायनं तोडलं मी, माहीत हाये का तुले? त्याच निंबानं. घोडा झाला तरी सोडेना, म्हून पाला वाटून लावला आंगाले. एका दिवसात सुटलं. अन् तो पाला आनून देल्ला कोनं? तुह्या अक्कानं. परकरी पोर होती तवा, झाडावर चढून तोडला." पुन्हा हसल्या. "धू ते आधी. साध्या पान्यानं धू. बठ्ठ्या गावाले माहीत हाये, लेकराचं दूध तोडाले निंब लावतात. अन् आपल्या घरात कोनाले सुचलं नाही."

मलाही माहीत होतं की. माझ्या मायनं माझ्या भावासाठी हेच केलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. निंब म्हणजे दूध तोडायचं औषध, हे खानदेशातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. पण कोरोना आला आणि निंब म्हणजे फक्त कोरोनाचं औषध झालं, बाकीचं सगळं आम्ही विसरून गेलो.

मी न्हाणीत गेले आणि घासघासून धुतलं. इतकं, की सिस्टर दारावर टकटक करत म्हणाली, "ताई, चक्कर आली का?" बाहेर येऊन मी उशीखालून बाटली काढली आणि तिच्या हातात दिली. तिनं झाकण उघडलं, शिल्ड वर करून मास्कवरूनच वास घेतला, आणि तिचे डोळे एकदम बारीक झाले. हसत होती की चिडली होती, सांगता येईना. शिल्डवर वाफ धरली तेव्हा कळलं, हसतेय. मग रागावलीही. "मी काय सांगितलं होतं? काही लावायचं नाही. कोणत्या भाषेत सांगू आता?" म्हटलं, "सिस्टर, तुमच्याच भाषेत सांगितलं होतं. माझेच कान घरच्या भाषेतले."

पोर भाभींच्या दुधावर झोपली होती. उठेपर्यंत सगळा वॉर्ड थांबून राहिला. भाभींनी आपल्या पोराला गप्प केलं. पोर उठली, कुरकुरली. मी जवळ घेतलं. तिनं तोंड जवळ आणलं आणि थांबली. आधी नुसतं ओठ लावून बघितलं, फसवलं गेलेलं माणूस बघतं तसं. मग तिनं तोंड उघडलं आणि घट्ट धरलं. दुखलं. इतकं बरं वाटलं त्या दुखण्याचं.

भाभी म्हणाल्या, "लो, मेरी तो छुट्टी हो गई." डॉक्टर दुसऱ्या दिवशी आल्या तेव्हा वजन थोडंसं वर सरकलं होतं. पोर माझ्याजवळच राहिली. हिरवी बाटली सिस्टरनं खिडकीतल्या कुंडीत रिकामी केली, म्हणाली, "झाडाला तरी काही होणार नाही."

अक्काला हे कोणी सांगायचं, यावर घरात मोठी चर्चा झाली. शेवटी सासूबाईंनीच सांगितलं, आणि सांगताना म्हणे म्हणाल्या, "तुले साडी नाही, तुले निंबाचा डगळा." डगळा म्हणजे पाल्याची फांदी. थट्टेत म्हणाल्या, पण अक्काला ते लागलं. तिचा फोन यायचा बंद झाला. रोज सकाळ-संध्याकाळ फोन करणारी बाई, एकदम गप्प. मी लावला तर तिचा मुलगा उचलायचा, म्हणायचा, आई कामात आहे. मी तिच्यावर चिडलेच होते, खोटं कशाला बोलू? पण ती गप्प झाली तेव्हा मला तिच्या बडबडीची आठवण यायला लागली.

पास मिळाले, लाट ओसरली, मी सासरी गेले. अंगणात अक्का उभी होती. पोरीला घ्यायला हात पुढं केले नाहीत, लांबूनच बघत राहिली. सासूबाईंनी तांब्या तिच्या हातात दिला. "रीत राह्यली हाये," त्या म्हणाल्या. "पाल्याबिल्याचं काही टाकू नको. साधं पानी हाये, मी सोता भरलं." अक्कानं आतल्या खोलीत मला धुतलं. तिनं पाणी आधी बोटावर घेऊन स्वतः चाखलं, मगच लावलं. पोर प्यायला लागली तेव्हा ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. "मी उपाशी ठेवलं गं हिला," म्हणाली. मी म्हटलं, "अक्का, तुम्ही रात्रभर चुलीशी बसला होता तिच्यासाठी. ते मी विसरेन का?" दोन साड्या घेतल्या आम्ही. एक अक्काला. दुसरी धुळ्याला भाभींना, सोबत सासूबाईंनी केळीचा आख्खा घड धाडला.

परवा परवाची गोष्ट. दोन वर्षं उलटून गेली तरी पोर अंगावरचं सोडेना. चुरुचुरु बोलते, अंगणभर पळते, पण दमली की माझा पदर. सासूबाई म्हणाल्या, आता पुरे, निंब लावा. अक्का सुट्टीला आलेली. तिनं कानांवर हात ठेवले. "मी नाही. पुन्हा माझ्या हातून नाही." मग मीच पाला वाटला, लावला आणि बसले. सासूबाई, अक्का, सगळ्या दारातून बघत.

पोर पळत आली. पदर बाजूला सारला, तोंड लावलं आणि झटकन मागं झाली. जीभ बाहेर काढली. माझ्याकडे बघितलं, मग छातीकडे. मला वाटलं, झालं, सुटलं. ती खाली बसली, फ्रॉकचं टोक हातात धरलं, त्याला थुंकी लावली आणि तो निंब पुसायला लागली. नीट, कोपऱ्याकोपऱ्यातून, आजी देव्हारा पुसते तसा. पुसून झाल्यावर पुन्हा तोंड लावलं आणि डोळे मिटून घेतले.

दारात अक्का मटकन खाली बसली. सासूबाई म्हणाल्या, "आता काय करते? पिऊ दे." मी पदर तिच्या डोक्यावरून घेतला. दवाखान्यात तिला हात होते, पण पुसता येत नव्हतं.